चिंधी बांधलेली गवार

आमच्या घरात काही हरवलं की आधी मला विचारतात, कारण मी ते उचलून कुठंतरी 'नीट' ठेवलेलं असतं. वाळूजला एका कारखान्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यातली निम्मी शिफ्ट सांभाळण्यात. तिथं मशीन थांबलं की माणसं धावतात. घरात काही थांबत नाही आणि काही सुरूही होत नाही, म्हणून निवृत्त झाल्यापासून मी एकटाच धावतो. नळाला पाणी कधी सुटणार हे कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्यांच्या आधी विचारणारा माणूस मी. चहाला उकळी यायच्या आत तीनदा डोकावणाराही मीच. बायको म्हणते, ह्यांच्या बुडाखाली मुंग्या आहेत. पाहुण्यांसमोर म्हणते.

अशा माणसाच्या घरी दर उन्हाळ्यात वाळवणं व्हावीत, ही देवानं केलेली थट्टाच आहे. वाळवणात करायचं थोडं असतं आणि थांबायचं फार. गवार कापडावर पसरली की उन्हानं त्याचं काम करायचं, आपण आपलं खाली यायचं. मला ते जमत नाही. मी दर तासाला गच्चीवर जाऊन शेंगा उलट्या करतो, मग सुलट्या करतो. बायको खालून ओरडते, "त्या वाळू राहिल्या, तुम्ही नका वाळू!"

हर्सूलला आमचं घर आहे. पुढं रस्ता आणि मागं एक चिंचोळी पट्टी. ती पट्टी म्हणजे बायकोचं शेत. ती फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा मोकळ्या रानाची सवय असलेली बाई आणि समोर दोन खाटा मावतील एवढी माती. पण तिनं कधी कुरकुर केली नाही. भांड्यांचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं नळीनं मागं वळवलं. तिथं ती गवार लावते, भेंडी लावते, मिरच्या लावते, कारल्याचा वेल कंपाउंडच्या भिंतीवर चढवते. कोपऱ्यात एक गावरान आंबा आहे, त्याच्या कैऱ्या इतक्या आंबट की पोपटसुद्धा एक चोच मारून पुढच्या घरी जातात. लोणच्याला मात्र अशीच कैरी लागते. चैत्र-वैशाखात सगळं एकदम येतं. आम्ही दोघं, लेक पुण्याला. खाऊन खाऊन किती खाणार? म्हणून मग वाळवायचं, खारवायचं, मुरवायचं.

ह्या सगळ्यात गवारीचा मान वेगळा. ते बी तिच्या माहेरचं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. ह्या शेंगेला बारीक लव असते, तोडताना हाताला खाज सुटते, पण चव अशी की बाजारातल्या गुळगुळीत गवारीला आमच्या घरात रबर म्हणतात. तिच्या भावाच्या रानात आता मका आणि अद्रक असते. गवार तिथं कधीच संपली. म्हणजे ते बी आता जगात कुठं असेल तर आमच्या मागच्या पट्टीत.

त्यासाठी तिचा एक नियम आहे. ओळीतली सगळ्यात निरोगी झाडं हेरायची आणि जुन्या साडीची चिंधी फाडून त्यांच्या बुडाशी बांधायची. चिंधी बांधलेल्या झाडाची शेंग तोडायची नाही. ती झाडावरच जून व्हायची, वाळायची, हलवली की आत बिया खुळखुळायला हव्यात. मग ती सोलायची, बिया राखेत घोळवायच्या आणि डब्यात घालून डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर. पुढच्या साली पेरायला. तिच्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं. चिंधी दिसली की हात मागं घ्यायचा, एवढं मलाही लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं गेलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघं गवारीच्या शिरा काढत बसलो होतो. म्हणजे ती काढत होती, मी शेंगा लांबीप्रमाणे लावत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "डाव्या अंगाला, काखेच्या खाली, गाठ लागती हाताला. दुखत नाय."

दूध नासलं असं सांगावं तसं तिनं हे सांगितलं. मी उठलो. शेंगा मांडीवरून खाली गेल्या. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो आणि ती म्हणाली, "अवो, एवढ्या तर होऊ द्या!" मी तिला एवढ्याही होऊ दिल्या नाहीत.

डॉक्टरांनी तपासलं, मशीनवर छातीचं चित्र काढायला लावलं, मग सुईनं तुकडा काढला आणि तो तपासायला पाठवला. काही दिवसांनी या, म्हणाले. जाताना म्हणाले, तोवर टेन्शन घेऊ नका. मला असा राग आला! म्हणे टेन्शन घेऊ नका. काउंटरवर ठेवलेली वस्तू आहे का ती, घ्यायची किंवा नाही घ्यायची?

त्या दिवशी घरी आल्यावर मी लेकीशी फोनवर बोलत पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो. आतून कापड फाडल्याचा आवाज आला. मागच्या दारातून पाहिलं तर बायको जुन्या साडीच्या पट्ट्या फाडत बसली होती. लोणच्याच्या बरण्यांची तोंडं बांधायला दादरे करत असेल, असं मला वाटलं. लेक रडत होती, तिला समजवायचं होतं, मी पुन्हा पुढं आलो.

मग ते थांबण्याचे दिवस सुरू झाले. मी आयुष्यात कधी एवढा थांबलो नाही. फोन वाजला की दचकायचो, नाही वाजला तर चार्जिंग बघायचो. आणि बायको? बायकोच्या अंगात वाळवण संचारलं होतं. गवार तर होतीच. भेंडीच्या चकत्या झाल्या, ताकात भिजवलेली कारली झाली, मसाला भरलेल्या सांडगी मिरच्या झाल्या. आंब्याच्या सगळ्या कैऱ्या तिनं उतरवून घेतल्या, अगदी शेंड्यावरच्यासुद्धा, मलाच शिडीवर चढवलं. अडकित्त्यानं कैऱ्या फोडून फोडून माझा खांदा गेला. दरवर्षी आमची एक बरणी भरते. ह्या वेळी तिनं माळ्यावरची दुसरीही काढून धुऊन उन्हात पालथी घातली.

"एवढं कोण खाणार गं?" मी विचारलं.

"लोणचं दोन वर्षं टिकतं," ती म्हणाली.

दोन वर्षांचं लोणचं ती कुणासाठी घालतेय, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. ती माझी सोय लावत होती. दोन वर्षं ह्या माणसाच्या ताटात काहीतरी असावं, एवढं बघून ठेवत होती.

त्यात तिनं मला शिकवायला सुरुवात केली. हे ऐकायला साधं वाटेल, पण आमच्या घरात हे आक्रीत होतं. माझा हात लागला की लोणच्याला बुरशी येते, हे तिचं मत सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. बरणी उघडी असताना मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबवलं जायचं. आणि आता ती मला हाताला धरून चुलीपाशी उभं करत होती.

"इकडं बघा. पाण्यात मीठ टाकलं. उकळी आली. आता गवार टाकायची अन् रंग पालटला की लगेच काढायची. शिजवायची नाय. ऐकू राहिले ना?"

"ऐकतोय."

"अन् वाळली का नाय ते कसं बघायचं? वाकवून बघायची. वाकली तर अजून ऊन पायजे. मोडली तर डब्यात."

तिनं एक शेंग मोडून दाखवली. कट्ट आवाज झाला. तिनं दुसरी माझ्या हातात दिली, तुम्ही मोडा, म्हणाली. मी ती हातात घेऊन नुसता उभा राहिलो. निवृत्तीच्या आधीचा महिना मी असाच घालवला होता. माझ्या जागेवर येणाऱ्या माणसाला घेऊन सगळ्या मशिनी फिरलो होतो, कुठला पट्टा कधी कुरकुरतो ते सांगत. त्याला चार्ज देणं म्हणतात. माणूस चार्ज कधी देतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मला नाही शिकायचं!" मी ओरडलो.

तिनं झारा पातेल्यावर आडवा ठेवला.

"मला नाही शिकायचं हे. तुझं तू कर. दरवर्षी तूच करतेस ना? पुढंही तूच कर."

"नका शिकू," ती म्हणाली. "खा मग हाटेलात." आणि तिनं झाऱ्यानं गवार उपसायला घेतली.

मी गच्चीवर गेलो. उन्हानं फरशी पोळत होती. चप्पल खालीच राहिली होती, म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मी तिथं उभा राहिलो आणि रडलो. शेजारची भाभी तिच्या गच्चीवर पापड उलटत होती. आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिला सगळं दिसलं असणार. ती पापडांची चादर घेऊन जरा पलीकडं सरकली. तेवढा समजूतदारपणा मला त्या दिवशी फार मोठा वाटला.

त्यानंतर आमच्यात एक विचित्र खेळ सुरू झाला. ती काही दाखवायला बोलवायची आणि मला नेमकं तेव्हाच पंक्चर काढायला जायचं असायचं. मी चिडून होतो. कुणावर ते मला कळत नव्हतं. आजारावर चिडता येत नाही, डॉक्टरवर चिडून उपयोग नाही, मग उरते बायको. रात्रंदिवस एकच गोष्ट मला हवी होती. तिच्या तोंडून एकदा, नुसतं बोलता बोलता, पुढच्या वर्षीचं काहीतरी यावं. पुढच्या दिवाळीला घराला रंग देऊ, पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडं जाऊ, काहीही. पूर्वी ती अशी वाक्यं दिवसाला दहा बोलायची आणि मी कंटाळायचो. आता एकही येत नव्हतं. जे काही बोलायची ते आजचं, उद्याचं आणि बरण्यांचं.

डॉक्टरांनी बोलावलं तो दिवस उजाडला. निघायच्या आधी तिनं गच्चीवर गवार आणि सांडग्या मिरच्या पसरल्या. मी म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. ती म्हणाली, ऊन काय तुमच्या डाक्टरला विचारून येतं का?

दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो होतो. म्हणजे ती बसली होती. मी खिडकीपाशी जायचो, काउंटरपाशी जायचो, पाण्याच्या कूलरपाशी जायचो. तिसऱ्यांदा खिडकीपाशी गेलो तेव्हा वेरुळच्या बाजूनं आभाळ काळवंडलेलं दिसलं. झाडं एका बाजूला झुकायला लागली. वावधान सुटलं होतं. वैशाखात असं होतं, तासभर वारा आणि चार थेंब, पण तेवढ्यात गच्चीवरचं सगळं शेजारच्या गल्लीत जातं. मी तिला सांगायला वळलो तर माझा फोन वाजला. भाभी होती.

"भाईसाब, हवा छूटी. तुमारी गवार मैं उठा ली. मिर्च्यां बी उठा ली. भाभी को बोलो, फिकर नक्को करो."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बघा, शेजार असावा तर असा." आणि पदर सारखा केला. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

डॉक्टर सरळ माणूस होता. त्यानं फिरवून सांगितलं नाही. कॅन्सर आहे, म्हणाला. लहान आहे, लवकर आलात. आधी ऑपरेशन, मग काही महिने औषधं. पुष्कळ बायका बऱ्या होतात. मी टेबलाची कड धरून बसलो होतो. तो माझ्याशीच बोलत होता, बहुतेक मीच पडेन असं त्याला वाटलं असावं. शेवटी त्यानं तिला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

"डावा हात किती दिवस उचलता येणार नाय?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं, की हळूहळू व्यायाम करावा लागेल, जड उचलायचं नाही, काही जणींना वर्षभरही त्रास राहतो. ती मान हलवत होती. मला कळेना, एवढं सगळं ऐकून ह्या बाईला हाताचं पडलंय! परतताना गाडीवर ती मागं बसली होती आणि मी सगळ्या रस्त्यानं मोठमोठ्यानं खड्ड्यांना शिव्या देत होतो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. नेहमी ती गाडीची मागची दांडी धरते.

घरी आलो तर वारा पडला होता, ऊन पुन्हा चकचकीत निघालं होतं. ती थेट भाभीकडं गेली, गवार आणायला. मला माहीत होतं, तिथं ती बसेल, आणि जे मला सांगणार नाही ते तिला सांगेल. मी मागच्या दारानं पट्टीत आलो आणि बघतच राहिलो. कारल्याचा वेल भिंतीवरून अख्खाच्या अख्खा खाली आलेला. भेंडी वाकलेली. गवारीची ओळ झोपलेली, काही झाडं मुळापासून हललेली. सगळीकडं पाला, कॅरिबॅगा, कुणाच्या तरी दोरीवरचे मोजे.

मला हेच हवं होतं. करायला काम! मी शर्ट काढला आणि भिडलो. पाला गोळा केला, कॅरिबॅगा गोळा केल्या, मोजे कंपाउंडवर टाकले. गवारीच्या खोडांत एक-दोन ओल्या, मातकट चिंध्या अडकलेल्या होत्या. वाऱ्यानं येऊन गुंतल्या असतील म्हणून त्याही ओढून काढल्या. एक पोत्यात टाकली, दुसरी घाम पुसायला खांद्यावर घेतली. झाडं तर आता गेलीच होती. निदान शेंगा तरी वाया जायला नकोत, म्हणून मी ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढ्या हाताला लागल्या तेवढ्या सगळ्या शेंगा ओरबाडल्या. हाताला खाज सुटली होती आणि ती खाज मला बरी वाटत होती.

मग मी आत जाऊन पातेल्यात पाणी ठेवलं. मीठ टाकलं. उकळी आल्यावर गवार टाकली, रंग पालटला की उपसली. शिकायचं नाही म्हणून ओरडलो होतो, पण सगळं आलं होतं मला. चाळणीत निथळू दिली, पंचा घेतला, पट्टीतच उन्हाचा तुकडा बघून त्यावर शेंगा पसरल्या. दिवसभरात पहिल्यांदा माझं मन जागेवर आलं. मला वाटलं, ती येईल, बघेल, हसेल. कदाचित मी तिला म्हणेन, घे, शिकलो, आता खूश?

ती आली. काखेत गवारीचं गाठोडं होतं आणि डोळे सुजलेले होते. पंच्यावरची गवार बघून ती खरंच थोडी हसली. खाली वाकून तिनं एक शेंग उचलली. बोटांनी चेपली. शेंग टपोरी होती, आत बिया भरलेल्या. तिचं हसू गेलं.

"ह्या शेंगा कुठल्या काढल्या?"

"ओळीतल्याच. सगळ्या काढल्या. झाडं पडली होती ना."

तिनं माझ्याकडं वर पाहिलं, आणि तिची नजर माझ्या खांद्यावर थांबली.

"अन् ही चिंधी?"

मी चिंधी हातात घेतली. माती वाळून झडली होती आणि तिच्यावरची बारीक हिरवी फुलं दिसत होती. ती साडी मला माहीत होती. ती फाटताना मी आवाजही ऐकला होता. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते, आणि तिलाही त्याच क्षणी कळलं. गाठोडं तिच्या काखेतून खाली पडलं.

"बियाच्या शेंगा उकळल्या तुम्ही?" ती किंचाळली. "मिठाच्या पाण्यात उकळल्या? अवो, बियाच्या होत्या ना त्या! काय डोळे फुटले होते का? चिंधी बांधली व्हती मी! ह्याच हातानं बांधली व्हती, तुकडा काढून आलो त्या दिवशी! तुमच्या हाताला जरा कळ नाय का वो? आता पुढच्या साली काय पेरू मी? तुमचं डोस्कं?"

भाभीच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. ती बोलतच होती, माझ्या आईचं बी, आजीचं बी, चार कोसांत कुठं नाय ते बी, आणि ह्या माणसानं त्याची भाजी केली. मी नुसता उभा होतो. मला तिचं एकच वाक्य ऐकू येत होतं. पुढच्या साली काय पेरू मी. पुढच्या साली. मी. इतके दिवस ज्याच्यासाठी माझे कान तळमळत होते ते तिनं माझ्या अंगावर फेकून मारलं होतं. आणि चिंधी तिनं तुकडा काढून आल्या दिवशी बांधली होती. मी पुढच्या खोलीत लेकीला धीर देत होतो तेव्हा ती मागं पुढच्या सालाची तजवीज करत होती. मला इतका आनंद झाला की मला हसू फुटलं.

"हसू राहिले?" ती म्हणाली. "हसू राहिले तुम्ही?"

"अगं, मला वाटलं..." मी म्हणालो. "दोन वर्षांचं लोणचं घातलंस. मला शिकवत होतीस. मला वाटलं तू माझी सोय लावतेयस."

ती तिथंच मातीत बसली.

"तुमची सोय?" ती म्हणाली. "हे असं ऑपरेशन झालं की हात धड ऱ्हात नाय, भाभीच्या नणंदेचं बघितलंय मी. पुढच्या उन्हाळ्यात मला बरणी उचलवंल का? अडकित्ता दाबवंल का? लोणचं दोन वर्षं टिकतं, म्हणून घालून ठेवलं. वाळवणाचं तुम्ही उकळा, मी बसून सांगंन, म्हणून शिकवू राहिले. पण बी टिकत नाय. कीड लागती त्याला. ते दरसाल पेरावं अन् दरसाल धरावं लागतं." तिनं डोळे पुसले. "भ्या वाटतं मला. लई वाटतं. पण म्हणून काय पेरायचं नाय का?"

मी तिच्याशेजारी बसलो. भीती मलाही वाटत होती आणि हे मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मग ऊन भिंतीवर चढेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ एका जागी क्वचितच बसलो असेन.

शेवटी तीच उठली. "चला," म्हणाली, "तुमच्या हातून एखादी तरी सुटली असंल. तुम्ही कुठलं काम पुरं करता?"

आम्ही गुडघ्यांवर बसून ओळ धुंडाळली. एकेक झाड उचलून, पानं बाजूला सारून. टोकाला भिंतीपाशी कारल्याचा वेल कोसळून ढीग झाला होता. मला वाटलं होतं खाली काही नाही. तिनं हात घालून वेल वर उचलला. खाली गवारीचं एक झाड दबलेलं होतं, आडवं पण मुळाला धरून, आणि त्याच्या बुडाशी फुलाफुलांची चिंधी जशीच्या तशी. झाडावर एक घोस होता. हिरवा, टपोरा.

"हात लावू नका," ती म्हणाली, माझा हात पुढं गेलाही नव्हता.

तिनं झाड उभं केलं, मी काठी रोवली, तिनं दोन्ही बाजूंनी माती दाबली. चिंधी सोडून तिनं पुन्हा बांधली, ह्या वेळी दोन गाठी मारून. मग मला सांगून ठेवलं, की ह्याला सकाळी एक तांब्या, सांजेला एक तांब्या, जास्त नाय. उकळलेली गवार वाळवून डब्यात गेली. पावसाळ्यात आम्ही ती तळून भाकरीबरोबर खाल्ली. जून बियांमुळं ती दातांखाली कचकच वाजायची आणि दर वेळी मला ऐकवलं जायचं.

पण त्याआधी, दवाखान्यात भरती व्हायचा दिवस आला तेव्हा घोस अजून हिरवटच होता, नुसता टोकाला पिवळा पडायला लागला होता. लेक पुण्याहून आली होती, रिक्षा दारात उभी होती, पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि मी तिसऱ्यांदा कुलूप तपासत होतो. ती कुठं दिसेना. मी मागं गेलो. ती गवारीपाशी उकिडवी बसली होती. एक शेंग दोन बोटांत धरून तिनं हळूच हलवली, कान जवळ नेला.

"वाजतेय का?" मी विचारलं.

"अजून नाय." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "तांब्याभर पाणी घालत जा अन् नुसतं बघत जा. तोडू नका. मी आल्यावर काढीन."

आणि ती चपला घालायला दाराकडं गेली.